एक्स-रेचा पट्टा, जुनी कॅसेट आणि न धुतलेला रोल

लग्नाच्या शूटिंगची व्हीएचएस कॅसेट, आजीच्या आवाजातली कानबाईची गाणी, फोटोंनी भरलेली हार्ड डिस्क, नातीचा नवा इन्स्टॅक्स कॅमेरा. खान्देशातून विमानाने निघालेल्या कुटुंबाच्या बॅगेत यातले काही ना काही असते, आणि विमानतळावरच्या पट्ट्यावर बॅग ठेवताना मनात शंका येते की हे यंत्र आतले सगळे पुसून तर टाकणार नाही?

उत्तर आधीच देतो. मोबाइल, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, हार्ड डिस्क, सीडी, डीव्हीडी, ऑडिओ आणि व्हिडिओ कॅसेट, धुतलेल्या निगेटिव्ह, छापलेले फोटो यांपैकी कशालाही त्या यंत्रापासून धोका नाही. ते निर्धास्त पट्ट्यावर ठेवा. धोका आहे तो न धुतलेल्या फोटो-रोलला. त्यात इन्स्टॅक्सची न वापरलेली फिल्मही आली. आणि ज्यांच्या अंगावर इन्सुलिन पंपासारखे वैद्यकीय उपकरण आहे त्यांनी आधी चौकशी करून निघायला हवे. हे एवढे लक्षात राहिले तरी काम भागेल. पण कारण समजले की ऐन वेळी गोंधळ होत नाही, म्हणून पुढचे लिहितो.

जळगावचा विमानतळ मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झाला. ‘उडान’ योजनेतले मुंबईचे पहिले विमान डिसेंबर २०१७ मध्ये उडाले. मग सेवा कधी चालू, कधी बंद असे बरेच दिवस चालले. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशा मार्गांवर उड्डाणे सुरू झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी माणसे यावल, चोपडा, पाचोऱ्याहून येऊ लागली. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण तिथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. प्रवासासाठी धुळेकराला ओझर, शिर्डी, सुरत, इंदूर नाहीतर सरळ मुंबई गाठावी लागते. मुद्दा असा की परदेशी जाणाऱ्या खान्देशी माणसाची बॅग एकदाच तपासली जात नाही. जळगावहून मुंबई, मुंबईहून दुबई, दुबईहून पुढे, आणि परतीला पुन्हा तेच. म्हणून ‘एकदा गेली तर काय होते’ एवढे विचारून भागत नाही. ‘सहा-सात वेळा गेली तर काय होते’ हेही विचारले पाहिजे.

हातातल्या बॅगेचे साधे यंत्र एका फेरीत जास्तीत जास्त एक मिलिरॅडच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी, किरणमात्रा देते (रॅड हे किरणमात्रेचे एकक, मिलिरॅड म्हणजे त्याचा हजारावा भाग). मोबाइल-लॅपटॉपमधल्या चिपवर एक्स-रेचा परिणाम होतच नाही असे नाही. किरण सिलिकॉनच्या ऑक्साइड थरात विद्युतभार सोडून जातात आणि तो साठत गेला की चिप बिघडू शकते; उपग्रहांसाठी वेगळ्या चिपा बनवतात त्या म्हणूनच. पण साध्या बाजारातल्या चिपांमध्ये असा बिघाड दिसायला हजारो रॅड लागतात. एक हजार रॅड धरले तरी बॅग त्या यंत्रातून दहा लाख वेळा जायला हवी. मोठ्या विमानतळांवर आलेल्या नव्या सीटी यंत्रांची मात्रा साध्या यंत्राच्या अनेक पट असते, तरी बिघाड दिसायला एखाद्याच्या आयुष्यभराच्या प्रवासात होणार नाहीत इतक्या फेऱ्या लागतील. दुबईची वारी दर महिन्याला करणाऱ्या व्यापाऱ्याच्या लॅपटॉपलाही हे लागू आहे.

शिवाय विमान स्वतःच आपल्याला आणि आपल्या सामानाला अंतराळातून येणाऱ्या किरणांच्या जवळ नेते. जळगावहून उडणारी पंख्याची एटीआर विमाने तुलनेने खालून जातात, पण मुंबईहून अमेरिकेला जाणारे जेट पस्तीस हजार फुटांच्या आसपास पंधरा-सोळा तास असते. त्या एका प्रवासात सामानाला मिळणारी किरणमात्रा साध्या तपासणी यंत्रातल्या एका फेरीपेक्षा जास्त असते. रोज इतके लॅपटॉप आणि मोबाइल हा प्रवास करतात आणि पोचल्यावर नीट चालू होतात.

आता कॅसेटकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते आणि ती भीती एका खऱ्या गोष्टीतून आलेली आहे. कॅसेटच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात आणि आवाज त्या कणांच्या चुंबकीय दिशेत साठवलेला असतो. लोहचुंबक जवळ आणला की आवाज पुसतो हे बरोबर आहे. पण एक्स-रे म्हणजे चुंबक नव्हे. एक्स-रे कितीही पडले तरी त्या कणांची दिशा फिरत नाही. उरतात त्या दोन गोष्टी: पट्टा फिरवणारी मोटर आणि आपण चालत जातो ती धातुशोधक चौकट. मोटर खाली, लोखंडी आवरणात असते. पट्ट्यावरच्या वस्तूपर्यंत तिचे क्षेत्र नगण्य पोचते. चौकटीत चुंबकीय क्षेत्र असते खरे, पण ते फार तर काही गॉसचे. साध्या ऑडिओ कॅसेटवरचे ध्वनिमुद्रण पुसायला तीनशे गॉसच्या वर क्षेत्र लागते, व्हिडिओ कॅसेटला त्याहून जास्त, आणि आजच्या हार्ड डिस्कला तर हजारोंनी. तरीही माझा सल्ला असा की कॅसेट खिशात ठेवून चौकटीतून जाऊ नका. ती पट्ट्यावरच ठेवा. पट्ट्यावरचा मार्ग तिच्यासाठी अधिक निर्धोक आहे, आणि खिशात ठेवली तर तशीही ती बाहेर काढायला सांगतील.

यापेक्षा घरातला जुना स्पीकर कॅसेटला घातक असतो. स्पीकरच्या चुंबकाचे क्षेत्र त्याच्या अगदी जवळ शेकडो गॉस भरते. शोकेसमध्ये म्युझिक सिस्टिमच्या डब्यावर रचून ठेवलेल्या कॅसेटी आजही कितीतरी घरांत दिसतात. त्या आजच तिथून हलवा. मोबाइलच्या कव्हरमध्ये आणि टॅबच्या झाकणात बारीक पण जोरदार चुंबक असतात, तेही कॅसेटला आणि चुंबकीय पट्टीच्या जुन्या कार्डांना चिकटून ठेवू नयेत. आणि सगळ्यात जास्त कॅसेटी पुसल्या गेल्या त्या ‘रेकॉर्ड’चे बटण चुकून दाबल्यामुळे. ऑडिओ कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या चिपा असतात. त्या मोडून टाकल्या की त्या कॅसेटवर साध्या टेपरेकॉर्डरमध्ये पुन्हा ध्वनिमुद्रण होत नाही. व्हीएचएसला अशी एकच चिप असते. आजीचा आवाज असलेल्या कॅसेटच्या चिपा अजून शाबूत असतील तर हे वाचून झाल्याबरोबर मोडा.

सीडी-डीव्हीडीबद्दल चार ओळी पुरेत. घरी ‘राइट’ केलेल्या सीडीवरची माहिती रंगद्रव्याच्या थरात लेसरने कोरलेली असते. एक्स-रेला ती दाद देत नाही. उन्हाला मात्र देते. ग्रामोफोनच्या तबकडीतली खोबण तर नुसता आकार आहे. तिला भीती वाकण्याची, तडकण्याची आणि चरे पडण्याची.

न धुतलेल्या रोलची गोष्ट वेगळी आहे आणि इथे खरोखर जपायला हवे. १८९५च्या डिसेंबरात राँटगेनने पत्नीच्या हाताचे एक्स-रे चित्र घेतले ते फोटोच्या काचेवरच. फोटोच्या थरातले सिल्व्हर हॅलाइडचे कण प्रकाशासारखेच एक्स-रेही टिपतात. तो त्यांचा स्वभावच आहे. मोबाइलमधल्या चिपला लाखो फेऱ्या लागतात, तिथे रोलला काही मोजक्या फेऱ्या पुरतात. आणि रोलवर पडलेली मात्रा साठत जाते. पहिल्या फेरीत काही दिसले नाही म्हणून सहावी फेरी निर्धोक ठरत नाही. बिघाड दिसतो तो असा: काळ्या जागा राखाडी होतात, रंग फिके आणि मळकट येतात, दाणे उठून दिसतात, आणि कधी चित्रावर लाटेसारखा पट्टा उमटतो.

किती जपायचे ते रोलच्या संवेदनशीलतेवर ठरते. खोक्यावर आयएसओ १००, २००, ४०० असा आकडा असतो. हातातल्या बॅगेच्या साध्या यंत्रातून ४०० किंवा त्याखालचा रोल चार-दोन वेळा गेला तर सहसा काही दिसत नाही. ८०० आणि त्यापुढच्या रोलसाठी हाताने तपासणी मागावी. इन्स्टॅक्सची फिल्म ८०० आयएसओची असते हे फार थोड्यांना माहीत असते. लग्नात, साखरपुड्यात हौसेने वापरायला पुण्याहून किंवा हैदराबादहून इन्स्टॅक्सची पाकिटे आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. एकदा चित्र बाहेर येऊन उमटले की मग काळजी नाही; कॅमेऱ्यातली आणि पाकिटातली कोरी फिल्म मात्र जपायची.

सीटी यंत्राला हा हिशेब लागू नाही. ते बॅगेभोवती किरण फिरवून आतल्या वस्तूंचे घन चित्र उभे करते, त्यामुळे मात्रा बरीच जास्त असते. कोडॅक आणि इल्फर्ड या रोल बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांचा सल्ला स्पष्ट आहे: न धुतलेला रोल, मग त्याचा आयएसओ कितीही कमी असो, सीटी यंत्रातून एकदाही नेऊ नये. हे यंत्र ओळखायचे कसे? ते साध्या यंत्रापेक्षा बरेच जाड आणि गोलसर असते, आणि तिथले कर्मचारी बहुधा ‘लॅपटॉप बॅगेतच राहू द्या’ असे सांगतात. लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये काढायला लावला तर यंत्र बहुतेक जुन्या पद्धतीचे. ही खूण शंभर टक्के पक्की नाही, म्हणून रोल जवळ असेल तर सरळ विचारावे.

चेक-इन बॅगेत रोल कधीच टाकू नका, अगदी आयएसओ ५०चाही. मोठ्या विमानतळांवर ती बॅग काउंटरमागच्या पट्ट्यावरून दिसेनाशी झाली की आत तिची जोरकस तपासणी होते आणि तिथे हात तपासणी मागायला आपण नसतो. मुंबईहून पुढे जाणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावे, कारण जळगावला जड झाली म्हणून शेवटच्या क्षणी हातातली बॅग चेक-इनमध्ये टाकली जाते आणि रोल आतच राहून जातो.

हात तपासणी मागायची असेल तर तयारी घरूनच करावी. रोल खोक्यातून आणि काळ्या डबीतून काढून पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवावेत, म्हणजे अधिकाऱ्याला एका नजरेत दिसतात. रोल स्वतःच्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या कोषात असतो, त्यामुळे पिशवीतून प्रकाश जाण्याची भीती नाही. पिशवी रांगेत पोचण्याआधी हातात घ्यावी आणि बॅग पट्ट्यावर जाण्याआधी शांतपणे सांगावे: ‘साहेब, हे कॅमेऱ्याचे न धुतलेले रोल आहेत, एक्स-रेने खराब होतात, हाताने तपासाल का?’ मुंबईत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान देशभरातून आलेले असतात. तिथे हेच हिंदीत म्हणावे. अर्धा तास जास्त हाताशी ठेवावा, कारण गर्दीत ‘नाही’ ऐकायला मिळते आणि रिकाम्या वेळी तेच काम होते. अमेरिकेत न धुतलेल्या रोलसाठी हात तपासणी मागता येते, तिथल्या यंत्रणेने तशी मुभा ठेवली आहे. आपल्याकडे ते समोरच्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर आहे. नकार मिळाला आणि यंत्र साधे असेल तर ४००चा रोल ठेवून द्या, वाद घालू नका. शिशाच्या पिशवीत रोल घालण्याची जुनी युक्ती आता टाळावी. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की बॅग उघडली जाते किंवा पुन्हा पुन्हा फिरवली जाते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे रोल जिथे काढला तिथेच धुऊन घेणे. धुतलेल्या निगेटिव्हमध्ये टिपणारे कण उरलेलेच नसतात, उरते ती स्थिर झालेली चांदी किंवा रंग. चाळीसगावात कलामहर्षी केकी मूस यांनी अनेक दशके घरात राहून टेबल-टॉप छायाचित्रणाचे जे काम केले त्याच्या प्रती किंवा निगेटिव्ह उद्या कुठल्या प्रदर्शनासाठी विमानाने न्यायच्या झाल्या तर एक्स-रेची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करावी ती काच फुटण्याची, दमटपणाची आणि बोटांच्या ठशांची. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहेत तशा जुन्या कागदपत्रांनाही हेच लागू. कागद, शाई, छापील फोटो यांच्यावर तपासणीचा काही परिणाम होत नाही. रोल आधीच यंत्रातून जाऊन आला असेल तर तो टाकून देऊ नका. लवकरात लवकर धुवायला द्या, आणि धुणाऱ्याला काय झाले ते सांगा. बहुतेक वेळा चित्र वाचते.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत कॅसेटचे प्लास्टिक वाकते, फीत चिकटते, ग्रामोफोनची तबकडी बशीसारखी होते, रोलचे रंग उतरतात आणि बॅटरी फुगते. विमानतळावरच्या यंत्राच्या भीतीने कॅसेट हृदयाशी धरून ठेवणारी माणसे तीच कॅसेट धुळ्याहून मुंबईपर्यंतच्या रस्त्यात गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवतात. उन्हाळ्यात निघायचे तर रात्री निघा, आणि वस्तू डिकीत न टाकता पायाशी, सावलीत ठेवा. पावसाळ्यात फितीवर बुरशी चढते. पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. फीत तर जाईलच, शिवाय तीच बुरशी दुसऱ्या कॅसेटींना लागेल.

बॅग भरतानाही एक खबरदारी हवी. आपली बॅग म्हणजे काळा मसाला, लोणचे, शेंगांची चटणी, पापडांचे डबे. तेल गळले की कॅसेट आणि हार्ड डिस्क दोन्ही गेल्या. शिवाय चार्जरच्या वायरींचा गुंता आणि मसाल्याची घट्ट पुडी एकावर एक आली की पडद्यावर नीट उलगडा होत नाही, बॅग उघडावी लागते आणि घाईत वस्तू हाताळल्या जातात. इलेक्ट्रॉनिक वस्तू एका पातळ पिशवीत, वर, वेगळ्या ठेवा. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड सुटे ट्रेमध्ये टाकू नका. ते यंत्रात बिघडत नाहीत. हरवतात मात्र ट्रेच्या फटीत. मोबाइलही पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला विसरला जातो, म्हणून चालत असेल तर तो ट्रेमध्ये न ठेवता बॅगेच्या चेनच्या कप्प्यात ठेवून बॅगच पट्ट्यावर सोडावी.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या हातातच ठेवाव्या लागतात. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तास भरते, म्हणून चालते. एटीआर विमानात वरचे कप्पे लहान असतात आणि मोठी हँडबॅग कधी कधी दारातच खाली घेतात. त्या वेळी पॉवर बँक, कॅसेट आणि रोलची पिशवी पटकन काढता यावी म्हणून त्या बॅगेच्या वरच्या खणात हव्यात.

विमानाने निघण्याआधी कॅसेटची डिजिटल नक्कल करून घ्या. वहीगायनाच्या बारीचे किंवा कानबाईच्या रात्रीचे घरगुती ध्वनिमुद्रण जगात एकच प्रत म्हणून उरलेले असते, आणि ते गेले की त्या गावची ती चाल कायमची जाते. जुना चालू टेपरेकॉर्डर आणि लॅपटॉपला जोडायची साधी वायर असेल तर ऑडिओ कॅसेटचे काम घरी होते. व्हीएचएससाठी जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे चौकशी करावी, कित्येकांकडे व्हीसीआर अजून आहेत. एक प्रत पेनड्राइव्हवर सोबत, दुसरी घरी हार्ड डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरच्या साठवणीत. मूळ कॅसेट शक्यतो खान्देशातच, थंड कोरड्या कपाटात, उभी ठेवावी. प्रवास प्रतीने करावा. गाणारीचे नाव, गाव आणि साल फाइलच्या नावातच लिहावे.

शेवटी अंगावरची उपकरणे. कानाचे यंत्र घालून चौकटीतून गेले तरी बिघडत नाही. पेसमेकर असणाऱ्यांनी त्याचे कार्ड हातात ठेवून ते आधीच दाखवावे, चौकटीत रेंगाळू नये, आणि हातातले धातुशोधक यंत्र छातीवर धरू नका असे स्पष्ट सांगावे. हाताने तपासणी होते. इन्सुलिन पंप आणि दंडावर किंवा पोटावर चिकटवायचे साखर मोजणारे सेन्सर यांबाबत कंपन्यांच्या सूचना वेगवेगळ्या आहेत. काही कंपन्या पंप एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवू नका आणि पूर्ण शरीर तपासणाऱ्या यंत्रात घालून जाऊ नका असे सांगतात, काहींच्या नव्या सेन्सरना चालते. पंपाने चुकीची मात्रा दिली तर प्रश्न जिवाचा असतो, म्हणून इथे अंदाज चालणार नाही. उपकरणाच्या पुस्तिकेतले विमानप्रवासाचे पान वाचा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, डॉक्टरांचे इंग्रजीतले पत्र घ्या, इन्सुलिन, जादा सेन्सर आणि सुया हातातल्या बॅगेत ठेवा. वडीलधाऱ्यांना एकटे पाठवत असाल तर हे पत्र त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटातच घाला आणि कोणाला, केव्हा, काय सांगायचे ते घरी एकदा बोलून घ्या.